शाळा सोडण्याचं कारण

— अहो तिथे नाही, तिथे नाही, इकडे सरका मॅडम, हाडाची कपची उडते. परवाच एका बाईच्या कपाळाला लागली, ती बाई अजून माझ्या नावाने बोटं मोडतेय. बसा त्या खुर्चीवर. पुसलेली आहे, बसा, तुमच्या साडीला काही होत नाही. कॉलेजातून आलात म्हणालात ना? जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज — तेच ना? हं. मग बसाच. पोरगी नाही घरात, पलीकडच्या गोठ्यावर गेलीय, गवळ्याची गाय अडलीय सकाळपासून. गवळी आता डॉक्टरला बोलवायच्या आधी हिला बोलावतो, काय सांगू तुम्हाला. सतरा वर्षांची पोर कोपरापर्यंत हात घालून वासरू फिरवते आतल्या आत. तासाभरात येईल. तोवर मी आहे. तिची आई मी, तिची मास्तरीण मी, तिची हेडमास्तरीणही मीच — आणि हे एवढे चार तुकडे तोडू द्या मला, उन्हं चढली की मटण टिकत नाही. बोलताना हात चालू असला की मला बरं पडतं. हात थांबला की डोकं चालतं, आणि माझं डोकं चाललं की कुणाचं भलं होत नाही.

हसताय काय? खरं सांगते. हा सत्तूर माझ्या नवऱ्याचा. तो गेला तेव्हा पोर सहा वर्षांची होती, मी दहावी पास, आणि आख्खा बोकड सोलायचा कसा हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी माझ्याच अंगठ्याचं टोक उडालं — हे बघा. पहिला आठवडा गिऱ्हाइकं हसली. दुसऱ्या आठवड्यात एकाने काट्यावरून हात फिरवता फिरवता माझ्या हातावर हात ठेवला, तेव्हा मी त्याच्या दोन बोटांच्या मधोमध सत्तूर मारला, ओंडक्यात, असा! — दचकू नका. बोटं शाबूत राहिली त्याची. त्यानंतर कुणी हसलं नाही. बाईमाणसाने दुकान चालवायचं तर एक घाव दोन तुकडे, दुसरी भाषाच कळत नाही लोकांना.

हां, तर शिकवणं. तुम्हाला तेच बघायचंय ना, घरी शिकवलं म्हणजे नेमकं काय केलं. त्या फळीवर वह्या आहेत, काढा खुशाल. नऊ वर्षांच्या. रोजची तारीख, किती वाजता बसली, किती वाजता उठली, काय केलं. एक दिवस नाही चुकलेला. हृदय काय असतं ते तुमची पोरं पुस्तकात तांबडं-निळं रंगवतात, माझ्या पोरीने आठव्या वर्षी ते हातात घेतलं, उभं चिरलं, चारी कप्प्यांत बोट घालून बघितलं. कुठल्या कप्प्याची भिंत जाड, का जाड — तिनेच मला विचारलं, मला येत नव्हतं, मग दोघी वाचनालयात गेलो. तिथल्या बाईने आमच्याकडे बघून नाक मुरडलं, तिला मी बघून घेतलं ते सोडा. खुब्याचा सांधा, मेंढीच्या पोटाचे चार भाग, आतडं किती लांब — ते तर तिने या दारापासून रस्त्यापलीकडच्या खांबापर्यंत ताणून मोजलं होतं. लोक बघत होते, तीन कुत्री मागे लागली, आणि ही मोठ्याने आकडे ओरडतेय! टक्केवारी कशी शिकली? आख्ख्या बोकडात हाड किती, मांस किती, काढ टक्के. आणि भाषा? पुडी बांधायचे जुने पेपर आहेत ना, तो कागद पूर्ण वाचल्याशिवाय गिऱ्हाइकाला पुडी द्यायची नाही, हा माझा नियम. लोक कावायचे. एक म्हातारबा मात्र मुद्दाम यायचे, म्हणायचे, कालच्या खुनाची बातमी अर्धी राहिली होती, पुढचा कागद काढ.

आणि एक लिहून घ्या, मोठ्या अक्षरात लिहा — मी शिकवताना पोरीवर हात उगारला नाही. कधी नाही. चुकली, रडली, वही फेकली, मी हात उगारला नाही. फार राग आला तर त्या मागच्या भिंतीशी जायचं आणि सत्तूर फेकून मारायचा. बघा भिंत. किती खाचा आहेत? मोजत बसू नका, ते सगळं बीजगणित आहे. पण पोरीला बोटही लावलं नाही. इतर आया लावतात. त्यांना परवडतं.

तुमच्या कचेरीतला तो खिडकीवरचा कारकून मात्र — त्याने तक्रार केली असेल, म्हणून आलात का? नाही? बरं, तरी सांगते, नंतर दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. अर्ज घेऊन गेले मी. म्हणाला, शाळेचं नाव? म्हटलं, घर. मुख्याध्यापक? म्हटलं, समोर उभी आहे. शाळेचा शिक्का? आता शिक्का कुठून आणू? माझ्याकडे एकच शिक्का, पावत्यांवर मारायचा, तोच मारला होता. त्याने तो अर्ज उचलला आणि सगळ्या रांगेला वाचून दाखवला — 'ताजे मटण, सोमवारी बंद'. रांग खो खो हसली. पोरगी माझ्या शेजारी उभी होती मॅडम. बाहेरून परीक्षा देऊन ब्याण्णव टक्के मिळवलेली पोर, मान खाली घालून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिडकीतून हात घातला, त्याची कॉलर धरली आणि ओढला. काच तडकली. त्याचं कपाळ नाही, काच. थोडं कपाळही, थोडं नाकही. पण त्याने अर्ज घेतला की नाही? घेतला! नाकाला रुमाल लावून घेतला. काही माणसांना सरळ बोलून कळतच नाही, त्याला माझा काय इलाज?

मग त्यानेच, नाकातून बोलत, सांगितलं की पत्र लागेल. मान्यताप्राप्त शाळेतल्या शिक्षकाचं, ज्याने मुलीला शिकवलंय, आणि जो नात्यातला नाही. आता आली का पंचाईत? नऊ वर्षं शिकवलं मी. मी नात्यातली. बाकी कोण? एकच माणूस, दुसरी-तिसरीचे मास्तर, दीड वर्ष होती ती त्यांच्या वर्गात. दुसरं कुणीच नाही हो. चाळीस जागा, अर्ज साडेतीन हजार, आणि घरी शिकलेल्यांना जागा किती? एक. माझ्या पोरीने दुसरं काही मागितलं नाही कधी. कपडे नाही, सहल नाही, मैत्रीण नाही. चौदाव्या वर्षापासून एकच — मला ही मरायला आलेली जनावरं वाचवायचीत, आई. खाटकिणीच्या पोटी हे! मी म्हटलं, वाचव बाई, मी मारते, तू वाचव, घरातल्या घरात हिशोब बरोबर. आणि ते सगळं एका कागदावर अडलेलं. म्हणून गेले मास्तरांकडे. त्यांनी लिहून दिलं. आनंदाने दिलं. बसा म्हणाले, पाणी दिलं, लिहून दिलं.

म्हणजे — पाणी नाही दिलं. ग्लास सांडला होता.

असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही काय समजता, माझ्यासाठी ते दार उघडणार होते? मी त्यांच्या दारात उभी राहिले तर त्यांनी आतून कडी लावली. पासष्ट वर्षांचा माणूस, कडी लावताना खिडकीतून दिसत होता मला. दार जुनं होतं, एका लाथेत आलं. मी काही केलं नाही त्यांना. टेबलावर सत्तूर रोवला, बस्. दोन बोटं आत गेला असेल. म्हटलं, मास्तर, कागद घ्या आणि लिहा, माझी पोरगी कशी होती ते लिहा, चांगलं लिहा, नाही तर आज हे टेबल आहे, पुढचं तुम्ही ओळखा. ते म्हणाले, ती चांगलीच होती, त्याला सत्तूर कशाला. एवढंच बोलले. मग लिहायला बसले. आणि मी काय केलं असेल? मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले! हसा. तुमच्या अर्जावर नियम आहे ना, सातवा — कुटुंबातल्या व्यक्तीने मजकूर वाचू नये, शिक्षकाने पाकीट बंद करून जोडावर सही करावी. मी नियम मोडणारी बाई नाही. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, उगाच एका नियमावरून अर्ज बाद व्हायला नको. पाव तास मी त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी होते, सगळे वार, सगळ्या तारखा. त्यांनी लिहिलं, डकवलं, सही केली. मी सत्तूर उपटला आणि पाकीट घेऊन आले. तसंच बंद तुमच्या कचेरीत दिलं. उघडून बघितलं नाही की प्रकाशाला धरलं नाही. विचारा पोरीला.

का बरं? त्यांची-माझी काय दुश्मनी? सांगते ना. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, तुम्हालाच तेवढं ठाऊक नाही. माझ्या पोरीला डाव्या कानाने ऐकू येत नाही. पडदा फाटलाय. कुणी फाडला? मास्तरांनी. आठ वर्षांच्या पोरीच्या कानाखाली वाजवली त्या माणसाने. म्हणून काढली शाळेतून. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले, भर वर्गात, चाळीस पोरांच्या देखत, याच सत्तुराने त्यांच्या टेबलाचे दोन तुकडे केले, खुर्ची फोडली, फळा फोडला. पोरं किंचाळत बाकांखाली शिरली. आणि तो माणूस फळ्याला पाठ लावून उभा — तोंडातून शब्द नाही! खोटं असतं तर बोलला नसता? पोलिसात गेला नसता? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. त्यानंतर त्याला कुणी पोर शिकवणीला पाठवलं नाही. मारकुटा मास्तर म्हणून गेला तो रिटायर होऊन. बरं झालं.

काय आहे हे? पाकीट? हे — हे तेच. फोडलंत तुम्ही. मी वाचू? नियम आहे ना पण, सातवा — तुम्ही म्हणताय वाचा, तर वाचते. हात पुसू द्या. चष्मा... राहू दे, दिसतंय. अक्षर अजून तसंच आहे बघा, फळ्यावरचं. 'ही मुलगी माझ्या वर्गात दीड वर्ष होती. माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत असे दोनच विद्यार्थी मिळाले, त्यातली ही एक. प्रत्येक उत्तरावर तिचा पुढचा प्रश्न तयार असे.' — बघा! म्हटलं नव्हतं? — 'हे लिहिताना तिची आई माझ्यामागे उभी आहे आणि तिचा सत्तूर माझ्या टेबलात रोवलेला आहे. वरची वाक्यं मात्र मी भीतीने लिहिलेली नाहीत. मुलीच्या कानाला मी...' 

'मुलीच्या कानाला मी हात लावलेला नाही. मी मुलांना मारत असे, पट्टीने, तळहातावर, आणि त्याची आज मला लाज वाटते. पण तिला मी त्या दिवशी तेवढंही मारलं नव्हतं. शाळा सुटल्यावर ती उड्या मारत घरी गेली, ते मी दारातून पाहिलं. पुढे काय झालं असावं ते माझ्या ध्यानात आलं होतं. मी बोललो नाही. बोललो असतो तर मुलीला घरातून नेलं असतं, आणि त्या घरात तिचं शिकणं सुरू आहे असं लोक सांगत. मी बरोबर केलं की चूक, मला अजून कळलेलं नाही. तिला घ्या. वसतिगृहात जागा द्या. लवकर द्या.'

खोटं आहे. साफ खोटं. म्हातारा सूड घेतोय, नऊ वर्षं दात धरून बसला होता मेला! फाडते मी हे, आत्ता, तुमच्यासमोर — सोडा, सोडा तो कागद! हा सत्तूर बघितलात? हा... नका हो हात मागे घेऊ असा. असा नका घेऊ. नाही मारत मी. ओंडक्यावर मारला, बघा, ओंडक्यावरच मारला. तुम्ही बसा. बसा म्हणते ना! काय म्हणालात? पत्र खोटं असेल तर तसं सांगा? सांगतेच की, खोटं आहे. मग? मग पत्र बाद. पत्र बाद म्हणजे — अर्ज बाद. आणि खरं असेल तर? जागा आहे? म्हणजे ठरलंच होतं का तुमचं? ती एक जागा... तिची आहे?

असं कसं बोलता तुम्ही, इतकं हळू. ओरडा तरी.

वेणी. वेणीवरून झालं. ती शाळेतून आली, दुकानात गर्दी होती, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, आई, उद्यापासून माझी वेणी तू घालू नकोस, तुझ्या हाताला वास येतो, पोरं नाक धरतात. एवढंच. गिऱ्हाइकं हसली. पोरगी पण हसली जराशी, त्यांच्याबरोबर. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, माझ्या नखांतलं रक्त धुऊन जात नव्हतं, आणि ते सगळं कुणासाठी? मी सत्तूर खाली ठेवला — ऐका नीट, लोक म्हणतात रागात भान राहत नाही. राहतं. मी सत्तूर व्यवस्थित खाली ठेवला, धार पलीकडे करून, हात पुसला, आणि मग मारलं. आख्खा बोकड उचलणारा हात. ती तिथपर्यंत गेली, त्या वजनकाट्यापर्यंत. कानातून रक्त आलं, बारीक, एकच धार. दवाखान्यात विचारलं कुणी मारलं, तर माझ्या तोंडून निघालं, मास्तरांनी. जिभेला हाड नसतं मॅडम, असतं तर तोडलं असतं मी. डॉक्टरने पोरीला विचारलं, हो का गं? आणि ती माझ्याकडे बघून हो म्हणाली. ते मी नव्हतं शिकवलं तिला. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन टेबल फोडलं ते खोटं पक्कं करायला. जितकं फोडत होते तितकं मलाच खरं वाटत होतं. मग तिला शाळेत पाठवणार कशी? तिथे कुणीतरी विचारलं असतं. म्हणून ही शाळा. या वह्या. कसलं शिक्षण घेऊन बसलात, मी पोरीला कोंडून ठेवली, आणि कोंडलीच आहे तर शिकवू तरी म्हटलं.

तिला ते आठवत नाही. आठ वर्षांची होती. मी इतक्या वेळा सांगितलंय लोकांना, तिच्यासमोर, मास्तरांनी मारलं, मास्तरांनी मारलं, ती मान डोलावते. तिला तेच खरं वाटतं. वाटतं ना? — हा कुठला कागद? तिचा अर्ज? हो, तिचंच अक्षर. सगळं भरलंय, बघा किती नीट, एक खाडाखोड नाही. हे काय? 'शाळा सोडण्याचं कारण.' पुढे काहीच नाही? अहो, ती पोर रकाना रिकामा सोडत नाही कधी. मांजर किती वर्षांचं विचारलं तर महिन्यांसकट लिहील. तुम्ही फोनवर विचारलंत तिला? काय म्हणाली? 'ते आईला विचारा.'

आईला विचारा म्हणाली.

म्हणजे ती... नऊ वर्षं. रोज सकाळी तिथे त्या स्टुलावर बसायची, माझ्यापुढे वही धरायची. मास्तरांचं नाव लिहिलं असतं तर सुटली असती की हो! कोण तपासणार होतं? नाही लिहिलं. माझंही नाही लिहिलं.

द्या ते पेन. नाही, मी भरते, तुम्ही नका सांगू काय लिहायचं ते, मीच हेडमास्तरीण आहे ना या शाळेची? जरा सरका, उजेड येऊ द्या. 'आईने मारलं.' झालं. खाली सही. तारीख काय आज? — राहू दे, डाग पडला तर पडू दे, पुसू नका, पसरेल. आता ठेवा तो पिशवीत आणि उठा. उठा, मॅडम. ती येईल गोठ्यावरून आणि मला तिच्याआधी हात धुवायचेत. तुम्हाला काय विचारायचं होतं ते विचारून झालं, मिळालं तुम्हाला. जागेचं पत्र पोस्टाने पाठवा, तिच्या नावाने, माझ्या नाही. आणि वाटेत भेटली तर काही बोलू नका, गाईचं काय झालं एवढंच विचारा. जा आता. गिऱ्हाईक नसलेल्या माणसाने दुकानात बसायचं नाही — जा म्हटलं ना!